दुसऱ्या अंकातलं सँडविच

आमच्या नाटक कंपनीत दोनच प्रकारची माणसं होती. एक, चीज सँडविचमध्ये टोमॅटो घालणारी. दोन, आत्याच्या मर्जीतली.

आत्या ही निर्मात्याची सख्खी आत्या, म्हणून ती अख्ख्या कंपनीची आत्या. सत्तरी ओलांडलेले आमचे मुख्य नट अण्णासुद्धा साठीतल्या या बाईला आत्याच म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. प्रॉपर्टी सांभाळणं हे तिचं काम. प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे, तर रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू: टेलिफोन, छत्री, चष्मे, खोटी फुलं आणि खरे कप. रंगमंचाच्या मागे जिन्याखाली तिची एक खोली होती. तिथे तिरकं छत असल्यामुळे उंच माणसाला मान वाकवूनच आत जावं लागे. ती खोली तिने मुद्दाम निवडली होती असा माझा संशय आहे.

मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. विसरायचं त्याने, आठवायचं मी, टाळ्या त्याला. असल्या धंद्यात माणूस एक तर संत होतो, नाही तर खवचट. मी संत झालो नाही.

आमचं नाटक कौटुंबिक, विनोदी. अण्णा त्यात निवृत्त न्यायाधीश. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगी येऊन सांगते की मी एका बिनकामाच्या पोराशी लग्न ठरवलंय. न्यायाधीश काही न बोलता टेबलावरचं चीज सँडविच उचलतात, घास घेतात, आणि मग त्यांचं ते मोठं भाषण सुरू होतं: "या घराला मी दारं लावली, कुलपं लावली नाहीत..." लेखकाने तिथे 'घास घेतात' एवढंच लिहिलं होतं. आत्याने ते मनावर घेतलं.

सुरुवातीला दिग्दर्शकाने स्पंजचं सँडविच आणलं होतं. रंगवलेलं, दिसायला अगदी हुबेहूब. आत्याने ते तालमीच्या पहिल्याच दिवशी कप पुसायला घेतलं. म्हणाली, "स्पंज चावणारा माणूस स्पंज चावतोय असाच दिसतो." दिग्दर्शक तिशीतला, नवा, आणि निर्मात्याची आत्या म्हणजे काय प्रकरण असतं हे त्याला तोवर कळलं होतं. त्याने स्पंजचं नाव पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासून जिन्याखाली एक शेगडी आणि एक जाड बुडाचा तवा आला. सँडविचबद्दल आत्याची मतं पक्की होती आणि ती कुणी न विचारताच मिळत. पाव कालचा हवा; ताजा पाव लाडावलेल्या पोरासारखा, जिकडे दाबाल तिकडे बसतो. लोणी बाहेरून लावायचं, आतून नाही, आणि ते कोपऱ्यापर्यंत गेलं पाहिजे. "कोपरे काय सावत्र आहेत?" चीज दोन प्रकारचं: एक तार सुटणारं, एक जुनं, तिखटसर. तारेला चव नसते आणि चवीला तार नसते, म्हणून दोघांचं लग्न लावायचं. आच मंद. वर झाकण. आणि झाकण काढल्यावर वजन.

वजन म्हणून ती चषक वापरायची. पहिल्या अंकात न्यायाधीशांना बुद्धिबळाचा एक मोठा पितळी चषक मिळतो. तो दुसऱ्या अंकात कुणाला लागत नाही, मग खाली बटर पेपर घालून तो सँडविचवर बसे. एकदा त्याचं बूड पुसायचं राहून गेलं. पुढच्या प्रयोगाला पहिल्या अंकात अण्णांनी चषक उंच धरला तेव्हा बुडाला पावाची कड चिकटलेली होती. अण्णांनी ती शांतपणे काढली, कोटाच्या खिशात ठेवली आणि आभाराचं भाषण पुरं केलं.

कापायचं कोपऱ्यातून कोपऱ्यात, आणि तेही जरा दम खाऊ दिल्यावर. मग शेवटची परीक्षा. आत्या सुरीचं टोक सँडविचच्या पाठीवरून ओढायची आणि कान खाली न्यायची. खर्र असा आवाज आला तर पास. नाही आला तर ते सँडविच माझ्या वाट्याला. मला स्वतःला आत कांदा आणि हिरवी मिरची लागते. हे मी तिला एकदा सांगितलं, तर ती आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

गंमत म्हणजे ती स्वतः कधीच ते खात नसे. आम्ही आग्रह केला तर म्हणायची, "खाणारे तुम्ही, ऐकणारी मी." ती चहात बिस्किट बुडवून, त्याचा पार लगदा होऊ देऊन खायची. हसताना तोंडावर हात धरायची. आम्हाला वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे.

आत्याच्या हातात ते सँडविच म्हणजे शस्त्र होतं हेही सांगितलं पाहिजे. त्याच प्रसंगात भावी जावई उरलेलं अर्धं सँडविच उचलून खातो. ते काम करणाऱ्या पोराला आम्ही हिरो म्हणायचो, कारण तोही स्वतःला तेच समजायचा. त्याला मधेच पदरची वाक्यं घुसडायची खोड होती. एक दिवस आत्याने त्याच्या अर्ध्यात चीजचा असा काही गोळा भरला की ऐन वाक्याला त्याची दातखीळच बसली. प्रेक्षकांना वाटलं, भावनेने कंठ दाटून आला. टाळ्या पडल्या. हिरो मात्र समजायचं ते समजला आणि त्यानंतर लेखकाने लिहिलंय तेवढंच बोलू लागला.

अण्णांची गोष्ट वेगळी होती. आत्याचा अण्णांवर जीव होता. कसला, ते मला विचारू नका, आणि तिला तर मुळीच विचारू नका. नवरा गेल्यावर भाच्याने तिला कंपनीत आणलं तेव्हा सगळे तिला टाळायचे. मालकाचं माणूस, चहाडी करील, ही भीती. अण्णा एकटे जिन्याखाली मान वाकवून गेले आणि म्हणाले, "आत्या, काही खायला आहे का?" ते पहिलं सँडविच, तिने घरून डब्यात आणलेलं. पुढे हे नाटक आल्यावर कित्येक वर्षं अण्णा दर प्रयोगाला म्हणायचे, "हा घास पोटात गेला की भाषण आपोआप बाहेर येतं." आत्या तोंडावर हात धरून हसायची.

मग अण्णा मोठ्या सुट्टीवर गेले. परत आले ते चांगले तरुण होऊन. गाल भरलेले, चेहरा तुकतुकीत. म्हणाले, विश्रांतीचा गुण. आणि पहिल्याच प्रयोगाला दुसऱ्या अंकात त्यांनी घास घेतला, आणि गप्प.

मी संहितेवर बोट ठेवून वाट पाहिली. अण्णा हलेनात. मी हळूच म्हणालो, "या घराला मी..." अण्णांनी माझ्या दिशेने हात जरासा हलवला. मला वाटलं, ऐकू येत नाही म्हणताहेत. मी मोठ्याने सांगितलं. हात पुन्हा हलला. मी आणखी मोठ्याने. पहिल्या रांगेतल्या एका बाईने माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा कुठे अण्णांनी भाषण सुरू केलं.

प्रयोग संपल्यावर मी जिन्याखाली गेलो. म्हणालो, "आत्या, अण्णा विसरायला लागले."

आत्या तवा घासत होती. ती घासायची थांबली. "कुणाला बोललास?"

"कुणालाच नाही."

"बोलूही नकोस. आपण सांभाळून घेऊ." मग ती पुन्हा तवा घासायला लागली आणि म्हणाली, "त्या माणसाचं नाटक काढून घेतलं तर राहील काय रे त्याच्यापाशी?" मला पहिल्यांदाच तिची कीव आली आणि अण्णांची काळजी वाटली.

तिने काढलेला उपाय साधा होता. तार. घास घेतल्यावर सँडविच आणि तोंड यांच्यामध्ये चीजची लांब तार सुटली तर लोक हसतील. हसण्यात थोडा वेळ जाईल. तेवढ्यात मी वाक्य पुरवायचं, अण्णांनी उचलायचं, कुणाला काही कळायचं नाही. पुढच्या प्रयोगाला तिने तार सुटणारं चीज वाढवलं. तार सुटली, लोक हसले. पण अण्णा नेहमीपेक्षा जास्त थांबले. मग आत्याने चीज आणखी वाढवलं. अण्णा आणखी थांबले. आम्ही दोघंही घाबरलो. विसरणं वाढत चाललंय, तर तार वाढवली पाहिजे. एका प्रयोगाला तर अण्णांनी तार तोडता तोडता हात पार कानाच्या मागे नेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी घसा फोडून वाक्य सांगत होतो आणि अण्णांचा दुसरा हात टेबलाखाली हलत होता.

कंपनीत कुजबुज सुरू झाली की अण्णांनी आत्याचं काहीतरी बिघडवलंय. हिरो तर खूशच होता. "आता त्यांची पाळी," म्हणाला.

दिग्दर्शकाला जे दिसायचं ते दिसलंच. त्याने अण्णांना विंगेत गाठलं. मी स्टुलावर होतो. मला कुणी माणसात धरत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकायला मिळतं.

"अण्णा, खरं सांगा. भाषण आठवत नाही का?"

अण्णांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "वय झालं रे आता."

"रविवारचा दुपारचा प्रयोग बघतो. पुन्हा असंच झालं तर पुढच्या प्रयोगापासून मला दुसरी सोय करावी लागेल. राग मानू नका."

दुसरी सोय म्हणजे तो स्वतः. त्याने पांढरी दाढी लावून रंगपटातल्या आरशात पाहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अण्णा नुसते मान हलवून गेले. भांडले नाहीत, चिडले नाहीत. मला ते फार लागलं.

आत्याला सांगितलं तेव्हा तिने पदर खोचला. "रविवारी बघच तू. तार प्रेक्षकांच्या मांडीवर पडली तरी बेहत्तर. त्याला वाक्य आठवेपर्यंत तार तुटणार नाही."

रविवारी नाट्यगृह भरलेलं होतं. निर्मातेही येऊन बसले होते. जिन्याखाली आत्याने जुन्या चीजला रजा दिली आणि नुसतं तारेचं भरलं. कडेपर्यंत. वर चषक दाबून ती उभी राहिली, जणू कुणी पळून जाणार होतं. सुरी ओढली. खर्र. तिने समाधानाने मान हलवली.

दुसरा अंक शेवटाला आला. मुलीने बातमी सांगितली. अण्णांनी सँडविच उचललं, जरा थांबले, त्याकडे एकदा पाहिलं. आज मला आठवतं की ती नजर देवाघरी निघालेल्या माणसाची होती. त्यांनी घास घेतला. सँडविच तोंडापासून दूर नेलं. तार सुटली. हशा. आणखी दूर नेलं. तार आली. हात पूर्ण लांब झाला, तरी तार आहेच. लोक हसून हसून खुर्च्यांवर आपटत होते. मी ओरडून कुजबुजत होतो, "या घराला मी दारं लावली!" आणि अण्णांचा डावा हात माझ्याकडे करून जिवाच्या आकांताने हलत होता. तेव्हा प्रथमच मला शंका आली की हा हात 'ऐकू येत नाही' म्हणत नसून 'गप्प बस' म्हणत असावा.

आणि मग टक असा बारीक आवाज झाला. तार ढिली पडली. सँडविच बशीत आलं, आणि त्याच्या मागोमाग, चीजमध्ये घट्ट रुतलेली, अण्णांची वरची कवळी. ती प्रेक्षकांकडे तोंड करून पडली. पहिल्या रांगेला ती स्वच्छ दिसली. मागच्या रांगांना पहिल्या रांगेने सांगितली.

असा हशा मी जन्मात ऐकला नाही. पडदा ओढणाऱ्याने दोरीला हात घातला. हिरो तोंडात शर्टाची बाही कोंबून उभा होता. अण्णांचे गाल आत गेले होते आणि त्यांचं वय एका क्षणात परत आलं होतं. त्यांनी बशीकडे पाहिलं. प्रेक्षकांकडे पाहिलं. ते उठले.

आणि भाषण केलं. सगळं. "या घराला मी दारं लावली" पासून शेवटच्या शब्दापर्यंत. अर्धे शब्द हवेत विरत होते, निम्मी व्यंजनं ओठांवरून घसरत होती, पण मी संहितेवर बोट फिरवत होतो आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. लोक आधी हसत राहिले. मग मधे मधे हसले. शेवटी पडदा पडला तेव्हा कुणी हसत नव्हतं. टाळ्या मात्र अशा पडल्या की छताची धूळ खाली आली.

दिग्दर्शक धावत आत आला. "म्हणजे पाठ आहे?"

"अख्खं," मी म्हणालो.

"मग इतके दिवस काय चाललं होतं?"

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा आम्हा दोघांचा कारभार. आम्ही विसरण्यावर उपाय म्हणून जे देत होतो, त्यानेच बिचाऱ्यांचे दात ओढले जात होते.

अण्णांनी रंगपटाचं दार आतून लावून घेतलं होतं. दिग्दर्शकाने बाहेरून विनवण्या केल्या. आतून बोबडा, पण ठाम आवाज आला.

"विसरतो म्हटलं की लोक हळहळतात रे. दात गेले म्हटलं की हसतात. हळहळ पत्करली मी, हसं नको होतं. आता झालं. तिसऱ्या अंकाला मी येत नाही. दाढी तुझी तयार आहे, लाव." मग जरा थांबून, "आणि आत्यांना विचार, माझं काय चुकलं होतं. एवढी शिक्षा तर त्या हिरोलाही केली नव्हती."

आत्या माझ्या मागेच उभी होती. तिने ते ऐकलं. तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. ती रंगमंचावरून कवळीची बशी उचलून जिन्याखाली गेली, आणि मी तिच्या मागे.

तिने आधी कवळी कोमट पाण्यात धुतली. चीज काही केल्या सुटेना. चांगलंच चीज होतं ते, शेवटी सुरीच्या टोकाने खरवडावं लागलं. मग तिने पाव घेतला, आणि माझ्यादेखत त्याच्या कडा कापून टाकल्या. या बाईने कडा कापलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. तारेचं चीज तिने बाजूला सारलं आणि नुसतं जुनं घातलं, जे वितळतं पण तुटतं. झाकण बराच वेळ ठेवलं, म्हणजे वाफेने पाव मऊ राहील. चषकाला हात लावला नाही. सुरी ओढली नाही. ओढली असती तरी काही ऐकू आलं नसतं.

"अण्णा, दार उघडा. मी आहे."

"मेहेरबानी करा, आत्या."

"तुमचं काही चुकलेलं नाही. आम्हाला वाटलं, तुम्ही विसरताय. आम्ही तुम्हाला वेळ काढून देत होतो."

मग कडी निघाली. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी सँडविच टेबलावर ठेवलं. आत्याने कवळीची बशी त्याशेजारी ठेवली, वर रुमाल झाकून.

"मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला नाही, तरी मला."

अण्णा वळले नाहीत. "तुम्हाला कसं कळणार? लोक हसतात तेव्हा काय होतं, ते ज्याचं त्याला."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू तोंड फिरव." मी फिरवलं, पण समोर आरसा होता, त्याला मी काय करणार? आत्याने तोंडावर हात नेला, नेहमी हसताना नेते तसा. हात खाली आला तेव्हा रुमाल बाजूला झाला आणि बशीत अण्णांच्या कवळीशेजारी आणखी दोन कवळ्या येऊन बसल्या. वरची आणि खालची.

"तुमची नुसती वरचीच ना?" आत्या बोबड्या आवाजात म्हणाली. "मग कशाचा एवढा तोरा?"

अण्णा वळले. बशीकडे बघत राहिले. मग आत्याकडे. त्यांचे खांदे आधी हलायला लागले आणि हसू मागून आलं. "म्हणून तुम्ही कधी स्वतःच्या हातचं..."

"कान शाबूत आहेत ना. तेवढ्यावर चालवलं इतकी वर्षं."

"आणि कडक कडा! कुरकुरीत पाठ! आम्हाला नियम सांगायच्या!"

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. खा आता. गार झालं तर जुनं चीज दगड होतं."

अण्णांनी सँडविच मोडून अर्धं तिला दिलं. दोघंही खात बसले, गाल आत ओढत, हिरड्यांनी, शाळा बुडवून बसलेल्या पोरांसारखे. मला कुणी विचारलं नाही. पहिल्यांदाच आत्या आपलं सँडविच खाताना मी पाहत होतो. खाता खाता ती मधेच थांबली आणि म्हणाली, "चांगलं लागतं की हो." तिला खरंच माहीत नव्हतं.

घंटा झाली. दिग्दर्शक दारात आला. दाढी हातात होती, लावलेली नव्हती. अण्णांनी बशीतून आपली कवळी उचलली, आत्याने "ती नाही, ती माझी" म्हणून काढून घेतली, मग खरी सापडली. तोंडात बसवताना अण्णांनी आरशात पाहिलं.

"परत हसतील," ते म्हणाले.

"हसू देत की," आत्या म्हणाली. "विनोदी नाटक आहे."

तिसऱ्या अंकात न्यायाधीशांचं पहिलं वाक्य लेखकाने फार पूर्वीच लिहून ठेवलंय, त्यात आमचा कुणाचा हात नाही. अण्णा दारातून आत आले, खुर्चीत बसले, प्रेक्षकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवायला काय आहे आज?"

नाट्यगृह हशाने दणाणून गेलं. अण्णा थांबले, हशा ओसरू दिला, आणि या वेळी त्यांचा हात माझ्याकडे वळला नाही. मी संहिता मिटली. शेजारी विंगेत आत्या उभी राहून हसत होती, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. हात तोंडावर न्यायचं तिच्या लक्षातच आलं नाही. तिच्या दोन्ही कवळ्या अजून रंगपटात बशीतच होत्या.